आईची कंपनी आणि डेन्मार्कचा यशवंत

डेन्मार्कच्या एका माणसाला हिंदुस्थानात राहता यावं म्हणून आमच्या आईनं वर्ध्यात कंपनी काढली होती. आईचं शिक्षण मराठी दुसरीपर्यंत. डेन्मार्क कुठल्या दिशेला आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि कंपनी नावाच्या ठिकाणी तिनं आयुष्यात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं (पुढे रोजच टाकावं लागलं, कारण कंपनी आमच्याच मागच्या खोलीत होती). मी त्या कंपनीचा मॅनेजर होतो. कंपनीवर पुढे जी संकटं आली त्यांतलं सर्वांत मोठं संकट म्हणजे तो मॅनेजरच.

ही गोष्ट पन्नास सालानंतरची. आम्ही विदर्भातले लोक तेव्हा मध्यप्रदेशात होतो आणि आमची राजधानी नागपूर होती. वर्ध्याला लागूनच नालवाडीला आमचं छोटं घर होतं. घरात आई, मी, नुकतीच लग्न होऊन आलेली माझी बायको कुसुम आणि एक गौळाऊ जातीची गाय. मी वर्ध्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे गल्लीत मला 'मास्तर' म्हणत आणि मी स्वतःला त्याहून बराच मोठा समजत असे.

येन्स हा डेन्मार्कचा माणूस. ताडमाड उंच, केस वाळल्या कडब्याच्या रंगाचे. आश्रम पाहायला म्हणून वर्ध्याला आला होता. तिथून आसपासच्या गाई पाहत पाहत एक दिवस आमच्या अंगणात शिरला, आमच्या गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिथंच तिच्या पायाशी कोसळला. मलेरिया. आईनं त्याला उचलून (म्हणजे मला उचलायला लावून) समोरच्या खोलीत निजवला. काढे, पेज, डोक्यावर पाण्याच्या घड्या. पोरगं तापात कुठल्याशा भाषेत बडबडायचं आणि आई त्याला वऱ्हाडीत उत्तरं द्यायची. दोघांचं व्यवस्थित चालायचं.

बरा झाल्यावर तो गेला नाही. त्याला कुणी राहा म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. तिकडं त्याला आईबाप उरले नव्हते, बापाची डेअरी भावानं विकून टाकली होती. इथं त्याला सकाळी गाईचं दूध काढायचं असे, दुपारी आईबरोबर ओट्यावर बसून शेंगा सोलायच्या असत. येन्स हे नाव आईला पटलं नाही. तिनं त्याचा यशवंत केला, आणि हाक मारताना यशा.

त्याला मराठी शिकवण्याची जबाबदारी मी घेतली. रोज संध्याकाळी मी त्याला पुस्तकातून 'मला भूक लागली आहे' असं शुद्ध वाक्य घोकायला लावायचो. तो मान डोलवायचा, वाक्य म्हणायचा, आणि मग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सांगायचा, "आई, मले भूक लागून राह्यली." आई लगेच भाकरी टाकायची. माझ्या शुद्ध वाक्यावर त्याला कुणी कधी भाकरी दिल्याचं मला आठवत नाही. दोन-चार महिन्यांत तो गल्लीतल्या पोट्ट्यांसारखा बोलायला लागला आणि मी शिकवणं बंद केलं.

मग दसऱ्याच्या सुमारास एके दिवशी पोलिसांकडून निरोप आला. साहेबाचा मुक्काम होळीपर्यंत. त्यानंतर त्यानं आपल्या देशी जावं.

त्या दिवशी आईनं भाजीत दोनदा मीठ घातलं. यशानं ती भाजी मुकाट्यानं संपवली. मी तक्रार केली आणि बोलणी खाल्ली. रात्रीच्या भांड्यांना कुसुमला हात लावू न देता आईनं ती सगळी स्वतः घासली, घासलेली पुन्हा घासली. मला तिच्याकडं बघवेना. माझी आई कुणासाठी इतकी हळवी झालेली मी पाहिली नव्हती (माझ्यासाठी तर नाहीच, पण तो विषय वेगळा). शेवटी ती हात पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, "तू एवढा इंग्रजी शिकला नं बापा. मंग याले ठेवून घ्याचा काही इलाज सांग."

मी वर्ध्यातल्या एका वकिलांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की परदेशी माणूस नुसताच राहतो म्हटलं तर सरकारला शंका येते. पण त्यानं इथं उद्योग काढला, एखादा स्थानिक भागीदार घेतला आणि कंपनी चालू असल्याचं सरकारी माणसानं डोळ्यांनी पाहिलं, तर मुक्काम वाढवून मिळतो. मला शाळेच्या नोकरीमुळे धंदा करता येत नव्हता. म्हणून स्थानिक भागीदार आई झाली.

कंपनीत करायचं काय हा प्रश्नच नव्हता. यशाला एकच विद्या येत होती, ती बापाकडून आलेली: चीज करणं. त्यानं गल्लीतलं दूध गोळा केलं, कोमट केलं, त्यात अंजिराचा चीक घातला, आणि एवढं चांगलं दूध बघता बघता फाटलं. आई कपाळावर हात मारून बसली. फाटलेलं दूध फडक्यात बांधून त्यावर जात्याची वरची तळी ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी गुळाच्या ढेपेसारखी एक पांढरी ढेप निघाली. यशानं तिला मीठ चोळलं, तेल चोळलं, मागच्या खोलीत ओल्या पोत्यांच्या आडोशाला फळीवर ठेवलं आणि सांगितलं की आता ही दोन महिने अशीच राहील.

"दोन मयने?" आई म्हणाली. "अन् सडली तं?"

"सडली म्हंजे झाली," यशा म्हणाला.

 पण आईला ते रूप बघवेना, म्हणून एक दिवस तिनं कुणाला न विचारता सगळ्या ढेपांना हळद लावली. यशा आधी दचकला, मग त्यानं एक तुकडा खाऊन पाहिला, आणि पुढे हळद हा कंपनीच्या कृतीचा भागच झाला. ही पिवळी ढेप नागपुरातल्या एका साहेबी क्लबात आणि वर्धा जंक्शनच्या उपाहारगृहात आवडीनं घेऊ लागले. वास मात्र असा की आमची गाय खोलीच्या बाजूला तोंड करून बसेना.

मॅनेजर म्हणून मी एकच काम केलं, पण ते दणक्यात केलं. पाटी रंगवून घेतली. 'दि वर्धा-डेन्मार्क डेअरी प्रॉडक्ट्स कंपनी', वर इंग्रजी, खाली मराठी, आणि त्याखाली जरा बारीक अक्षरांत 'चौकशी मॅनेजरकडे करावी.' पाटी आमच्या ओसरीपेक्षा लांब झाली. तिचं एक टोक शेजारच्या गुलाबरावांच्या हद्दीत शिरलं होतं. गुलाबराव कापसाचे छोटे व्यापारी, मनानं दिलदार. त्यांनी हरकत घेतली नाही. उलट त्या टोकाला ते आपला टॉवेल वाळत घालू लागले.

मग कळलं की कंपनीची चौकशी करायला नागपूरहून एक तिवारी नावाचे साहेब येणार आहेत. ते आजूबाजूच्या लोकांनाही विचारणार होते. सगळं त्या एका दिवसावर होतं. साहेबांना कंपनी दिसली तर यशा राहणार, नाही दिसली तर होळीनंतर तो मुंबईच्या गाडीत बसणार आणि आई आयुष्यभर भाजीत दोनदा मीठ घालणार.

आता या ठिकाणी कुणीही शहाण्या माणसानं गल्लीतल्या लोकांना सरळ सांगितलं असतं, बाबांनो, साहेब आले की आमची कंपनी दाखवा. पण मी इंग्रजीचा मास्तर! मी मारुतीच्या पारावर सगळ्यांना जमवलं आणि भाषण केलं. मी म्हणालो की लवकरच एक सरकारी अधिकारी आपल्या गल्लीत येतील. ते नाना प्रश्न विचारतील. अशा वेळी प्रत्येकानं प्रसंग ओळखून, विचार करून तोंड उघडावं. आमच्या घराची इज्जत आणि यशाचं भवितव्य तुमच्या हाती आहे. याहून अधिक मी काही बोलत नाही, सुज्ञास सांगणे न लगे.

लोकांनी माना डोलावल्या. गुलाबरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "मास्तर, बेफिकीर राह्यजा. आमाले काही नवीन नाई."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

कारण त्यांना खरंच नवीन नव्हतं. कंट्रोलचे दिवस सरून फार काळ झाला नव्हता. तेव्हा पुरवठा खात्याचा माणूस धान्याचे साठे तपासायला गल्लीत शिरला की गुलाबरावांची बायको, सगळ्यांची काकू, ओट्यावर येऊन मोठ्यानं विचारायची, "दळण झालं काय वं?" एवढं ऐकू आलं की मागच्या भिंतींवरून ज्वारीची पोती या घरातून त्या घरात निघायची. अधिकारी पहिल्या घरात असला की माल तिसऱ्यात, तिसऱ्यात गेला की माल पहिल्यात. आमच्या गल्लीत एकाही पुरवठा अधिकाऱ्याला एक पायलीसुद्धा जास्तीची ज्वारी कधी सापडली नाही, आणि याचा सगळ्यांना मनापासून अभिमान होता. त्यांच्या दृष्टीनं सरकारी माणूस चौकशीला येतो याचा अर्थ एकच होता, आणि 'इज्जत तुमच्या हाती' याचाही एकच.

साहेब यायच्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली आणि हार घेऊन वर्धा स्टेशनवर जाऊन उभा राहिलो. नागपूरची गाडी आली. पांढऱ्या कोटातल्या एका भारदस्त गृहस्थाच्या गळ्यात मी हार घातला. ते वर्ध्याला मुलगी बघायला आले होते. त्यांचा असा समज झाला की मुलीकडचा माणूस मीच, आणि हुंड्याच्या गोष्टी त्यांनी तिथंच सुरू केल्या. त्यांच्यातून सुटून पुढच्या गाडीची वाट बघतो तोवर टांगेवाल्यानं सांगितलं की नागपूरचे एक साहेब हिंगणघाटकडून मोटारीनं येऊन केव्हाच नालवाडीच्या रस्त्याला लागले. मी सायकलवर टांग टाकली.

घरासमोर आलो तेव्हा आधी वाटलं, गल्ली चुकलो. पाटी नव्हती. ओसरीवर नुसते दोन खिळे होते. अंगणात लिंबाखाली एका लांबलचक बाकावर तिवारीसाहेब बसून चहा पीत होते आणि गुलाबराव हात जोडून त्यांच्यापुढे उभे होते. सगळी गल्ली भोवती जमलेली, चेहरे अत्यंत निष्पाप. असा बाक आमच्या घरी कधी नव्हता. मग दोन्ही बाजूंच्या विटा दिसल्या आणि उलगडा झाला. साहेब आमच्या पाटीवर बसले होते. पाटी पालथी घातली होती.

साहेब मला म्हणाले, "मास्टरजी, सुना था यहाँ कोई कंपनी है. कहाँ है?"

मी तोंड उघडायच्या आत गुलाबराव म्हणाले, "कायची कंपनी साहेब? गरीब मास्तर आहे. एक गाय आहे, तेबी आटली."

काकूंनी भर घातली की या घरात चहापुरतं दूध मिळायची मारामार, तर कंपनी कुठून येणार. साहेबांनी विचारलं, परदेशी माणूस कुठं आहे? "कोन परदेशी?" सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. एकानं तर गोरा माणूस आपण फक्त चित्रात पाहिला असं सांगितलं. कालच रात्री यशानं त्याच्याशी पत्त्यांत हरून त्याला खांद्यावर बसवून गल्लीभर फिरवलं होतं.

मी साहेबांना कसंबसं "एक मिनिट" म्हणून आत धावलो. मागच्या खोलीत फळ्या रिकाम्या, धुऊन पुसून लख्ख. इतक्या दिवसांत ती खोली एवढी स्वच्छ कधी दिसली नव्हती. कुसुम दारात उभी होती, चेहऱ्यावर मोठं काम फत्ते केल्याचं समाधान.

"भेऊ नोका," ती कुजबुजली. "सारं लपवलं. एकबी ढेप सापडनार नाई."

"अगं, सापडायला पाहिजे! यशा कुठाय?"

"त्यालेबी लपवलं."

 ज्या माणसाचा मुक्काम वाढवून घ्यायचा होता, तो माणूसच यांनी मालाबरोबर आत टाकला होता! मी आईला गाठलं. तिला हात जोडून समजावलं की आई, साहेबांना कंपनी दाखवायची आहे, दाखवली नाही तर यशा जाईल. आईला पटेना. गुलाबरावांनी तिला नेमकं उलटं सांगितलं होतं, की माल दिसला तर माल जप्त आणि पोट्ट्याला बेड्या. तिनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "तू चूप राह्य. तुह्या भाषणानंच हे सारं झालं." हे मात्र खरं होतं.

आता एकच मार्ग होता. निदान एक तरी ढेप शोधून काढायची आणि साहेबांपुढं नेऊन ठेवायची. मी खोल्या धुंडाळल्या. शेवटी पलंगाखाली, कुसुमच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक चांगली मुरलेली ढेप सापडली. ती दोन्ही हातांनी छातीशी धरून मी उठलो आणि वळलो, तर दारातून बुटांचा आवाज आला. साहेब आत येत होते.

पुढं काय झालं ते मला आजही नीट समजावून सांगता येत नाही. मला ती ढेप साहेबांना दाखवायची होती. त्यासाठीच मी ती शोधली होती. साहेब आपण होऊन तिच्यापाशी चालत येत होते. पण सरकारी बुटांचा आवाज ऐकला आणि माझे हात माझे राहिले नाहीत. मीही शेवटी त्याच गल्लीत वाढलेला, लहानपणी भिंतीवरून पोती झेललेला माणूस! कोपऱ्यात एक ट्रंक अर्धवट उघडी होती. मी ढेप तिच्यात टाकली, झाकण लावलं, वर बसलो आणि साहेबांकडं बघून हसलो.

साहेबांनी नाक वर केलं. दोनदा हुंगलं.

"यहाँ कुछ मरा है क्या?"

"उंदीर, साहेब," दारातून गुलाबराव म्हणाले. "मोठा होता."

साहेबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि अगदी शांतपणे सांगितलं की आपण या खात्यात येण्याआधी हिंगणघाटला सप्लाय इन्स्पेक्टर होतो. कंट्रोलच्या साऱ्या काळात.

 काकू दळणाचं विचारायला ओट्याकडं निघाल्या होत्या, त्या तशाच मागं फिरल्या.

मग साहेब वळले आणि कुणाला एक शब्द न विचारता निघाले. त्यांनी आमच्या देव्हाऱ्यामागे हात घातला आणि ढेप काढली. गुलाबरावांच्या घरी गव्हाच्या कणगीत कोपरापर्यंत हात बुडवून आणखी एक काढली. न्हाणीतल्या पालथ्या घंगाळाखाली एक निघाली. काकूंचा नातू पाळण्यात झोपला होता, त्याच्या उशाशी साहेब जरा रेंगाळले. काकू कळवळून म्हणाल्या की लेकराला ताप आहे, उठवू नका. साहेबांनी उशी हळूच दाबून पाहिली, पिवळा झालेला आपला अंगठा निरखला आणि "बच्चा खुशबूदार है" एवढंच म्हणून पुढं गेले. त्यांच्या मागून सगळी गल्ली, प्रत्येक ढेपेगणिक जास्त खाली मान घालून, मुकाट्यानं चालत होती.

गुलाबरावांच्या मागच्या खोलीत मोसमाचा कापूस छतापर्यंत भरलेला होता. साहेब दारापाशी पोचले आणि कापूस शिंकला.

पुन्हा शिंकला. मग त्या पांढऱ्या ढिगातून एक प्रचंड पांढरी आकृती उठून उभी राहिली. केसांना, भुवयांना, नाकाला, सगळीकडं कापूस. साहेबसुद्धा एक पाऊल मागं सरले. आकृतीनं हात जोडले.

"नमस्कार साहेब. मी यशवंत. डेन्मार्कचा. यायनं मले कोंबलं."

साहेबांनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कितने दिन से हो यहाँ?"

"कापसात? सकाळपासून."

साहेबांना हसू आवरलं नाही. ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला अंगणात घेऊन आले आणि परत त्या बाकावर बसले. मग त्यांनी आईला बोलावलं आणि विचारलं की कंपनीच्या मालकीण तुम्हीच ना, मग हे सगळं काय आहे?

आईच्यानं राहवलं नाही. ती पदर सावरून पुढं आली. तिला त्यांची हिंदी अर्धी समजली होती आणि तिची वऱ्हाडी त्यांना अर्धी समजणार होती, पण तिनं तिकडं लक्षच दिलं नाही.

"साहेब, कंपनी गेली चुलीत. माह्या लेकराले ठेवा. हा आला तवा याच्या आंगात उभं राह्याचीबी ताकत नोती. माह्या हातची पेज पिऊन उठला. मी याले म्हातारपणी जन्म देल्ला म्हना ना. आता याले कोनत्या गावाले धाडता? तिथी याची वाट पाह्यनारं कोनी नाई. इथी मी आहो."

यशानं मान खाली घातली. त्याच्या पापण्यांवरचा कापूस ओला झाला. गुलाबराव भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. 

तिवारीसाहेबांनी बसल्या जागेवरून आईला हात जोडले. मग म्हणाले, "माताजी, कंपनी चूल्हे में मत डालिए. उसी पर तो यह रहेगा." मग त्यांनी आम्हाला समजावलं, आणि ते मला शब्दशः आठवतं. "मैंने बहुत नकली कंपनियाँ देखी हैं. नकलीवाले सब कुछ सजाकर सामने रखते हैं. जिसका माल पूरा मोहल्ला जान लगाकर छिपाए, उसका धंधा असली होता है." त्यांनी बूट बांधायला वाकून बाकाखाली पाहिलं आणि पुढं म्हणाले की मघा आपण जवळजवळ तासभर कंपनीच्या पाटीवरच बसलो होतो, हे बसल्या बसल्याच लक्षात आलं होतं, पण चहा चांगला होता.

गल्लीत एकदम जीव आला. आत्तापर्यंत ज्यांनी चीज कधी पाहिलं नव्हतं ते सगळे आता त्याचे गुण सांगू लागले. गोरा माणूस चित्रात पाहिलेल्यानं यशाच्या अंगावरचा कापूस झटकायला घेतला. गुलाबरावांनी तर सरळ सांगितलं की अशी कंपनी अख्ख्या हिंदुस्थानात नाही आणि ती उभी करण्यात त्यांचा मोठा हात आहे. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाता जाता मला विचारलं, "मास्टरजी, एक बात बताइए. वह संदूक में क्या डाला था?"

मी म्हटलं, काही नाही.

कुसुमही ठसक्यात म्हणाली की ट्रंकेत काही असूच शकत नाही. त्यात तिचा लग्नाचा शालू आहे, माहेरहून आणलेला. त्याला ती मलाही हात लावू देत नाही, तर त्यात ढेप कोण ठेवील? आणि साहेबांची खात्री पटावी म्हणून तिनं स्वतः, सगळ्या गल्लीसमोर, ट्रंक अंगणात आणवली आणि झाकण उघडलं.

ढेप शालूच्या मधोमध बसली होती. पडता पडता तिचं साल फुटलं होतं, आणि चोळलेलं तेल, हळद आणि आत मुरलेलं सगळं त्या किरमिजी शालूच्या जरीच्या पदरात गोल उतरलं होतं. वास ट्रंकेबाहेर आला तसे पुढचे लोक मागं सरकले. कुसुमनं ढेपेकडं पाहिलं, शालूकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.  तिवारीसाहेब लगबगीनं उठले आणि म्हणाले की आता आपल्याला निघायला हवं, हे प्रकरण आपल्या खात्यात येत नाही.

होळीच्या आधीच यशाच्या मुक्कामाची परवानगी आली. आईनं त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या आणि मीठ बेतानं घातलं. यशा पुढं कित्येक वर्षं आमच्याकडंच राहिला. सरकार त्याचा मुक्काम वाढवत गेलं, आणि आई गेली तेव्हा तिच्या उशाशी तोच बसलेला होता.

माझा बिछाना मात्र ट्रंक उघडली त्याच रात्री कुसुमनं मागच्या खोलीत, चीजच्या फळीखाली घातला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मला घरात परत घेण्यात आलं, पण ते तात्पुरतं आहे असं मला अधूनमधून सांगण्यात येतं. कायमचं राहता यावं म्हणून मीही एखादी कंपनी काढावी असं कैकदा मनात येतं. पण त्यासाठी स्थानिक भागीदार लागतो, आणि आमच्या घरातला स्थानिक भागीदार त्या शालूचा विषय निघाला की अजून माझ्याशी बोलत नाही.